टॉमकाकांचे खरे नाव

मार खाताना माणसाने आधी काय वाचवावे, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या एका भाड्याच्या अपार्टमेंटच्या स्वयंपाकघरात शिकायला मिळाले. शिकवणारे गृहस्थ वकील होते. शेगडीवर मक्याची कणसे उकडत होती. ती शिजेपर्यंतचा वेळ वाया जाऊ नये, म्हणून त्यांनी मला टेबलापासून उठवले आणि म्हणाले, "खाली पड."

मी हसलो.

"हसू नकोस. पड. तिकडे नाही, भिंतीकडे. पाठ भिंतीला लागली की मारणाऱ्याला एकच बाजू उरते."

मी लिनोलियमवर आडवा झालो. बुटाच्या टोकाने माझ्या एकेका अवयवाला हलकेच स्पर्श करत, वर्गात नकाशा दाखवावा तसे ते सांगू लागले. "ही मूत्रपिंडं. इथे लाथ बसली की आठ दिवस लघवीतून रक्त जातं. गुडघे पोटाशी घे. आता हात. डोळे कशाला झाकतोस? डोळे आपोआप मिटतात. कान झाक. ते उघड्या पंजाने कानावर मारतात, त्याने पडदा फाटतो. माझा डावा तसाच गेला."

"आणि दात?" मी जमिनीवरूनच विचारले.

"दात परत मिळतात." त्यांनी वरचा ओठ उचलून पुढचे चार दात दाखवले. ते काढघालीचे होते. "मूळच्यापेक्षा सरळ आहेत, बघ. पाडले सरकारने, बसवले माझ्या भावाने."

कणसे शिजली. आम्ही ती मीठ लावून खाल्ली.

त्यांचे नाव लुओ तिंग-ह्वा. परंतु १९८०च्या दशकाच्या त्या पहिल्या वर्षांत नॉर्थ कॅरोलायनात हे नाव ठाऊक असलेला माणूस बहुधा मी एकटाच होतो. इतरांसाठी ते टॉम होते. मी तेव्हा रसायनशास्त्रात पीएचडी करत होतो. विद्यापीठाजवळची घरे परवडत नव्हती, म्हणून कॅरीत खोली शोधत होतो, आणि सूचनाफलकावर सुबक अक्षरातली एक चिठ्ठी सापडली: 'शांत माणूस हवा.' मी शांत होतो. पुढे जे झाले ते पाहता, तेवढा शांत नव्हतो.

ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते. तैपेईत ते वकिली करत. तिथे त्या वेळी लष्करी कायदा होता आणि सरकारविरुद्ध काही छापले, बोलले, तर खटला लष्करी न्यायालयात चालत असे. असे खटले घ्यायला कोणी तयार नसे, लुओ घेत. "एकोणीस खटले लढलो, एकोणीस हरलो," ते सांगत. "माझ्याइतकं सातत्य असलेला वकील तुला सापडणार नाही." पुढे एका मोर्चात पोलिसांनी लाठ्या चालवल्या. लुओ पहिल्या रांगेत होते. चार महिने कोठडीत काढून ते बाहेर आले तेव्हा एक कान, चार दात आणि वकिलीची सनद, तिन्ही गेले होते.

उपचाराच्या नावाखाली त्यांना देशाबाहेर जाऊ दिले, पण जामीन घेऊन. धाकटा भाऊ तिंग-फांग दंतवैद्य होता. त्याने सही केली: माझा भाऊ परदेशात सरकारविरुद्ध तोंड उघडणार नाही; उघडले तर मी जबाबदार. लुओ अमेरिकेत आले, एका चिनी रेस्टॉरंटच्या मुदपाकखान्यात भाज्या चिरू लागले, आणि दर पंधरा दिवसांनी दूरच्या शहरातून निघणाऱ्या एका तैवानी वृत्तपत्रासाठी टोपणनावाने लेख लिहू लागले. कोठडीत कोणाला कसे मारले जाते, मारणाऱ्यांची नावे काय, याविषयीचे ते लेख असत.

"तुम्हांला भीती नाही वाटत?" मी एकदा विचारले.

"वाटते ना. मी भावाच्या मानेवर कागद ठेवून लिहितो. जोरात टेकायचं नाही, एवढं पाळतो."

हे त्यांनी मला का सांगितले असेल? एकटेपणामुळे सांगितले असेल. किंवा मी त्यांच्या भाषेबाहेरचा, त्यांच्या देशाबाहेरचा होतो म्हणून. तिसरी शक्यता अशी की त्यांना मी विश्वासू वाटलो. गेली तीस वर्षे मी पहिल्या दोन शक्यतांचा आसरा घेत आलो आहे.

त्यांच्या सवयी सांगतो. ते खिडकीसमोर उभे राहत नसत. उपाहारगृहात पाठ भिंतीला लागेल अशीच जागा घेत. पार्किंगमध्ये एकच मोटार दोनदा दिसली तर तिचा क्रमांक तळहातावर लिहीत. शनिवारी दूरदर्शनवर मुष्टियुद्ध लागे, ते अगदी जवळ बसून पाहत आणि कुठल्याशा गड्याच्या नाकातून रक्त आले की कोर्टात ओरडावे तसे "हरकत!" म्हणून ओरडत. विचार करायचा असला की ते कोबी चिरत. त्यांचा जड, रुंद सुरा पाटावर आदळू लागला की खालच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ काठीने छत ठोकत आणि लुओ म्हणत, "बघ, न्यायाधीश शांतता मागताहेत."

मात्र त्यांनी कोणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. उलट एक प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला आहे. एका दुपारी मी त्यांना आणायला रेस्टॉरंटात गेलो होतो. एका धिप्पाड, प्यायलेल्या गिऱ्हाइकाने भांडी घासणाऱ्या मेक्सिकन माणसाला मानगुटीला धरून भिंतीवर आपटले होते आणि तो दुसऱ्यांदा आपटत होता. कारण काय, तर उचलताना प्लेट कलंडली. लुओ मुदपाकखान्याच्या दारात आले. त्यांच्या हातात सुरा होता. त्यांनी सुरा मागच्या फळीवर नीट ठेवला, हात पुसले, आणि त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. गिऱ्हाइकाने बिअरची बाटली त्यांच्या डोक्यावर फोडली.

लुओ गुडघ्यावर आले, पण खाली पडले नाहीत. उठले. कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरत होते. त्यांनी खिशातून ऑर्डर लिहायचे पॅड काढले आणि शेजारच्या टेबलापाशी जाऊन विचारले, "मॅडम, तुम्ही पाहिलंत. आपलं नाव सांगाल का?" पाच जणांची नावे त्यांनी लिहून घेतली. पाचव्या नावापर्यंत कागद लाल झाला होता.

इस्पितळात त्यांना टाके घातले जात असताना मी म्हणालो, "तुम्ही नुसता सुरा दाखवला असतात तरी तो पळाला असता."

"त्याने मारलं, आता खटला उभा राहतो," ते म्हणाले. "मीही मारलं असतं, तर नुसतं भांडण उरलं असतं."

हे वाक्य मला फार आवडले. इतके की मी ते दोन-तीन ठिकाणी सांगितले. अशी वाक्ये बोलणारा माणूस माझ्याबरोबर राहतो, याचा मला अभिमान वाटू लागला होता. तो अभिमान पुढे काय करणार होता, हे तेव्हा कळायला हवे होते.

आमच्या भागातले महाराष्ट्र मंडळ तेव्हा लहान होते. डॉक्टर सबनीस अध्यक्ष. ते हृदयरोगतज्ज्ञ, अमेरिकेत येऊन पंधरा वर्षे झालेली, घर मोठे, मन त्याहून मोठे. गणेशोत्सव एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये होई. त्या वर्षी दोनशे माणसांचा महाप्रसाद करायचा होता आणि सबनीसकाकूंना भाजी चिरायला माणसे हवी होती. मी लुओंना नेले. त्यांनी तासाभरात कोबीचे चाळीस गड्डे संपवले. लहान मुले भोवती जमून तो सुरा पाहत राहिली.

"टॉम, स्लोली, स्लोली!" काकू ओरडल्या. "कोबी आहे तो, युअर एनिमी नाही!"

"मॅडम, सवय," लुओ म्हणाले. "काही कोबी कबुली देत नाहीत."

काकूंना ते कळले नाही, तरी त्या खूप हसल्या. मुलांनी त्यांना टॉमकाका केले.

प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर एडी नावाचा एक तैवानी विद्यार्थी होता. मितभाषी, सभ्य, गळ्यात सदैव कॅमेरा. तो गणपतीला आला होता. 'जेवायला ये' असे मीच त्याला म्हटले होते. तैवानी विद्यार्थ्यांतले काही जण आपल्या सरकारला बातम्या पुरवतात, हे लुओंनी मला सांगितले होते. एडी त्यांतला असेल, असे मला वाटले नाही. खरे सांगायचे तर मी त्याचा विचारच केला नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. "मुकुंद, आभारप्रदर्शन तू कर. आणि हे बघ, कोणाचं नाव राहता कामा नये हं. मागच्या वर्षी कुलकर्ण्यांचं राहिलं, अजून रुसून बसलेत. वहिनी फोनसुद्धा घेत नाहीत."

आमच्या मंडळांत ज्यांनी काम केले आहे, त्यांना हे ठाऊक आहे. नाटक पडले तरी चालते, भात कच्चा राहिला तरी चालते. आभारांत नाव राहिले तर घरे तुटतात. मी कागदावर एकतीस नावे लिहिली. एकतिसावे होते: 'टॉम, कोबी.'

मराठीतून तीस नावे झाली. टाळ्या पडत होत्या, पण सवयीच्या. लोक चपला शोधू लागले होते. अमराठी पाहुण्यांसाठी शेवट इंग्रजीतून करायची आमची पद्धत. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि समोर पाहिले. दोनशे माणसांत बहुतेक डॉक्टर, इंजिनिअर, मोठमोठ्या मोटारींतून आलेले. मी दोन शर्टांवर दिवस काढणारा विद्यार्थी. कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. तेव्हा मी कागद खाली ठेवला.

मी म्हणालो की आज ज्यांनी तुमच्यासाठी भाजी चिरली ते टॉम नाहीत. ते तैपेईचे विख्यात वकील लुओ तिंग-ह्वा आहेत. हुकूमशाहीने त्यांचे दात पाडले, कान फोडला, तरी आजही ते आपल्या इथून, कॅरीतून, त्या सरकारविरुद्ध लेख लिहितात. आणि मला त्यांचा मित्र म्हणवून घेण्याचे भाग्य लाभले आहे.

हॉल उभा राहिला. तशा टाळ्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या. मुलांनी "टॉमकाका, टॉमकाका" करत त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरातून स्टेजवर आणले, असे मला पुढे कित्येक वर्षे आठवत होते. ते एप्रनमध्येच होते. हातात सुरा होता. मागे मखर होते, मखरात गणपती. लुओ हसले. मग एका कॅमेऱ्याचा दिवा लखलखला.

स्टेजवरून उतरताना ते माझ्याजवळ थांबले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "माझं नाव तू फार छान उच्चारलंस."

त्यानंतरच्या दिवसांत त्यांनी मला एकही कठोर शब्द ऐकवला नाही. लेख बंद केले. टोकियोतल्या एका ओळखीच्या माणसामार्फत भावाला निरोप धाडला: बायकोला घेऊन ताबडतोब बाहेर पड. चार दिवसांनी उत्तर आले. ते वाचून लुओ हसले आणि मलाही वाचून दाखवले. 'शुक्रवारपर्यंत रुग्णांना वेळा दिलेल्या आहेत. एका म्हातारीचा जबडा सुजला आहे. शनिवारी निघतो.'

"हा लहानपणापासून असाच," ते म्हणाले. "घराला आग लागली तर आधी दात घासेल."

त्या आठवड्यात कोबी फार चिरला गेला. आम्ही रोज तोच खात होतो. खालच्या गृहस्थांनी छत ठोकायचे सोडून दिले होते.

गुरुवारी तिंग-फांगना त्यांच्या दवाखान्यातून उचलले. आम्हांला ते शुक्रवारी कळले. लुओंनी अमेरिकेतल्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला फोन केले, वकिलांना, पाद्र्यांना, एका सिनेटरच्या कचेरीला. सगळ्यांनी सहानुभूतीने ऐकून घेतले. दोन दिवस ते खुर्चीत बसून होते, रिसीव्हर उजव्या, शाबूत कानापाशी.

रविवारी सकाळी आठच्या सुमारास फोन आला. भावजय बोलत होती. मी ओट्यापाशी चहा करत होतो. लुओ बराच वेळ ऐकत राहिले, मग एकेक वाक्य ते मला इंग्रजीत सांगू लागले, जणू साक्ष नोंदवून घेत होते.

"प्रेत मिळालं. जिन्यावरून पडला म्हणतात." थोडे ऐकून, "जिना एकमजली आहे." पुन्हा ऐकून, "बरगड्या सात. उजव्या हाताची बोटं, सगळी." मग, "तोंडात एकही दात नाही."

त्यांनी ऐकत ऐकत डोळे मिटले.

"तिला एक फोटो दाखवला त्यांनी. मी सुरा घेऊन उभा आहे. ती विचारते आहे, तुमच्या मागे तो हत्तीच्या तोंडाचा देव कोणाचा?"

फोन ठेवला. ते उभे राहिले. पुढचे चार दात त्यांनी काढले आणि ओट्यावरच्या पेल्यात ठेवले. मग मला म्हणाले, "इकडे ये."

मी गेलो. पहिला फटका उघड्या पंजाचा होता, माझ्या उजव्या कानावर. डोक्यात काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. दुसरा तोंडावर. मी भिंतीवर आदळलो. त्यांनी मला कॉलरला धरून वर ओढले. मला हात वर घ्यायचे होते की नव्हते, ते मला आजही सांगता येत नाही. मी ते घेतले नाहीत, एवढे खरे. तिसऱ्या, चौथ्या फटक्याला ते ओरडू लागले, "झाक ना! कान झाक, मूर्खा! शिकवलंय ना मी तुला? झाक!" ओरडत होते आणि मारत होते. मी खाली पडलो. त्यांनी लाथ उगारली, आणि ती तशीच हवेत राहिली.

मी म्हणालो, "माझ्याकडून चुकून झालं."

"चुकून?" त्यांनी विचारले.

मी दुसऱ्यांदा तोच शब्द उच्चारला.

ते माझ्याशेजारी लिनोलियमवर बसले. माझ्या ओठातून आणि कानातून रक्त येत होते. त्यांनी टॉवेल भिजवून आणला आणि ते पुसले, फार काळजीपूर्वक. आम्ही दोघेही रडलो नाही. चहा उकळून शेगडीवर सांडला होता.

माझा उजवा कान आजही कमी ऐकतो. पोहताना झाले, असे मी बायकोला आणि डॉक्टरांना सांगत आलो आहे.

महिनाभरात टॉम नाहीसे झाले आणि लुओ तिंग-ह्वा दिसू लागले. त्यांनी लेखांवर खरे नाव टाकले. चर्चच्या, ग्रंथालयांच्या, विद्यापीठांच्या सभागृहांत ते बोलू लागले. दात न घालता बोलत, म्हणून शब्द फुसकारत. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येई. त्यांना हे कळत होते, असे मला वाटते. एका सभेबाहेर दोघांनी त्यांना बेसबॉलच्या बॅटने मारले, खांदा मोडला. पुढच्या आठवड्यात हात गळ्यात बांधून ते दुसऱ्या गावी बोलले.

"आता मला गप्प कोणाच्या जिवावर बसवणार?" सामान भरताना ते मला म्हणाले. "माझ्या कागदाखाली आता कोणाची मान नाही." ते वॉशिंग्टनला निघाले होते. मला दोष दिला नाही, पत्ता दिला नाही.

दशक संपत आले तेव्हा तैवानात लष्करी कायदा उठला. लुओ परतले, विमानतळावरच पकडले गेले, सुटले, निवडून आले. हे मला तुकड्यातुकड्यांनी वर्तमानपत्रांतून कळे. एका संध्याकाळी सबनीसकाकूंचा फोन आला.

"अरे मुकुंद, टीव्ही लाव, टीव्ही लाव! आपला टॉम मारामारी करतोय!"

बातम्यांत जेमतेम काही सेकंद दिसले. संसदेचे सभागृह, माणसे टेबलांवर चढलेली, कोणी मायक्रोफोन उपटलेला. मधोमध लुओ. त्यांनी एका वृद्ध प्रतिनिधीला टायने धरून खाली खेचले आणि मुठीने तोंडावर मारले. एकदा, दोनदा. वृद्धाचा चष्मा उडाला. भोवतीचे तरुण आनंदाने ओरडत होते.

"चांगला चिडलाय गं बाई," काकू फोनवर म्हणत होत्या. "पण काय रे, आपल्याकडे असताना किती गरीब होता!"

मी फोन ठेवला. खटला आणि भांडण यांतला फरक ज्यांनी मला समजावला, त्यांना तो विसरायला पहिल्यांदा मी लावले होते. स्वयंपाकघरातला तो पहिला फटका त्यांच्या आयुष्यातला पहिला होता, अशी माझी समजूत आहे.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी त्यांचा पक्ष सत्तेवर आला आणि लुओ न्यायखात्याचे मंत्री झाले. मी तोवर नोकरीनिमित्त वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला स्थायिक झालो होतो. तैवानी लोकांनी इथल्याच एका हॉटेलात त्यांचे स्वागत ठेवले आहे, असे कळले. मी सूट घालून गेलो. मला त्यांची भेट हवी नव्हती, क्षमा हवी होती. त्यासाठी एक गोष्ट कबूल करायची होती, जी मी मंडळात, घरी, देवापुढे, कुठेच कबूल केली नव्हती.

हॉलबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला ओळखले. केस पांढरे झाले होते, दात उत्तम होते. सोबत दोन अंगरक्षक. त्यांनी हातानेच त्यांना मागे सारले.

"शांत माणूस," ते म्हणाले. "अजून भाषणं करतोस?"

"नाही. त्या दिवसानंतर माइक हातात घेतला नाही."

"मी रोज घेतो."

मी म्हणालो, "त्या दिवशी ते चुकून झालं नव्हतं. मला टाळ्या हव्या होत्या. तुमचं नाव घेऊन मी माझी उंची वाढवत होतो. तुमच्या भावाचं काय होऊ शकतं, हे मला ठाऊक होतं, आणि त्या दोन मिनिटांत मला त्याची पर्वा नव्हती."

ते उजवा कान जरा पुढे करून, जणू मी आणखी काही म्हणेन अशा बेताने, थांबले.

"तुला काय वाटतं, मला स्टेजवर कोणी आणलं?" त्यांनी विचारले.

"मुलांनी. हाताला धरून."

"कोणी धरलं नाही. मी स्वयंपाकघरात होतो. मागचं दार उघडं होतं, मोटारींपर्यंत वीस पावलं. मी माझं नाव ऐकलं. दोन वर्षांनी, मोठ्याने, लाउडस्पीकरवरून. मग टाळ्या. मुलं माझ्या मागून आली." ते किंचित हसले. "फोटो सरकारच्या माणसाने काढला, पण उभा मीच राहिलो. हे मी माझ्या भावजयीलाही सांगितलेलं नाही."

"मग मला तुम्ही—"

"क्षमा? ती देणारा गेला. माझ्याकडे दयेचे अर्ज येतात, फाशीच्या कैद्यांचे. ते मी पूर्ण वाचतो. पूर्ण वाचून सही करतो."

"कशावर?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड होता. मग ते हॉलमध्ये गेले.

मी समारंभाला थांबलो नाही, पण निघूनही गेलो नाही. हॉटेलच्या पोर्चमध्ये उभा राहिलो. तासाभराने ते बाहेर आले. काळी मोटार दारापाशी होती. तेवढ्यात खांबाआडून पन्नाशीची एक बाई धावली. साधा कोट, हातात कागदांचे जाड पाकीट. ती चिनी भाषेत काही ओरडली आणि मग, कदाचित भोवतीच्या लोकांनाही कळावे म्हणून, मोडक्या इंग्रजीत: "माझ्या मुलाचा अर्ज! फक्त वाचा! माझ्या मुलाचा अर्ज!"

अंगरक्षकाने तिचा दंड पकडून मागे पिळला. हाड सरकल्याचा आवाज मला माझ्या डाव्या कानाने ऐकू आला. दुसऱ्याने तिचा चेहरा मोटारीच्या बॉनेटवर दाबला. तिच्या नाकातून रक्त आले आणि त्या काळ्या, चकचकीत पत्र्यावर पसरले. ती ओरडायची थांबली नव्हती.

लुओंचा एक पाय मोटारीत होता. ते थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिले, अगदी नीट. त्यांचे तोंड उघडले, आणि मला वाटले, ते आता 'हरकत' म्हणतील. मग त्यांनी दुसरा पाय आत घेतला.

मी त्यांना दोष देत नाही. दोष देण्यासाठी जी उंची लागते ती माझ्यापाशी नाही. पाकीट घसरत माझ्या पायाशी आले होते. मी ते उचलले. मोटार चार पावलांवर होती, माझे नाव त्यांना ठाऊक होते, माझा आवाज त्यांनी ओळखला असता. अंगरक्षकांनी बाईला सोडले तेव्हा ती पायरीवर बसली. मी ते पाकीट तिच्या हातात परत दिले. मोटारीची काच अजून अर्धी खाली होती.